फिल्टरचं वय

फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपचा दिवा गेला की लगेच कळतं. अंधार होतो, कुणीतरी "मॅडम, दिवा गेला" म्हणून हाक मारतं आणि नवा दिवा मागवला जातो. फिल्टर, म्हणजे हव्या रंगाचा प्रकाश पुढे जाऊ देऊन बाकीचा अडवणारी काच, गेला तर अशी हाक कुणी मारत नाही, कारण तो एका दिवसात जातच नाही. वर्षानुवर्षं थोडा थोडा जात राहतो आणि रोज त्यातून बघणाऱ्यांचे डोळेही त्याला सरावत जातात. कालची स्लाइड आणि आजची स्लाइड सारखीच वाटते. पाच वर्षांपूर्वीची स्लाइड काढून शेजारी ठेवावी म्हटलं तर तिचा रंग केव्हाच उडालेला असतो. तुलना करायला हातात काहीच उरत नाही.

मी नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या मायक्रोस्कोपखाली सगळ्यात जास्त काय येत असेल तर द्राक्षाचं पान. बरेचसे विद्यार्थी दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यातले. घरी बाग असते. ऑक्टोबरची गोडीबार छाटणी झाली, कोवळी फूट निघाली आणि त्यावर अवेळी पाऊस पडला, की डाऊनी, म्हणजे केवडा रोगाच्या धास्तीनं घरातली झोप उडते. पानावर तेलकट पिवळा डाग दिसतो तोवर रोग आत बराच पसरलेला असतो. तो आधीच बघायचा असेल तर पानाच्या चकत्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून पारदर्शक करायच्या, धुवायच्या, अल्कधर्मी बफरमधल्या अ‍ॅनिलिन ब्लूनं रंगवायच्या आणि अतिनील प्रकाशात बघायच्या. मग पर्णरंध्रातून आत शिरलेला आणि पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढत गेलेला रोगजंतूचा धागा काळ्या पार्श्वभूमीवर उजळून निघतो. ज्यांच्या घरी बाग आहे त्या मुलांनी हे पहिल्यांदा बघितलं की ती बराच वेळ आयपीसवरून डोळे काढत नाहीत.

आता ती पार्श्वभूमी काळी राहते कशी, हा खरा प्रश्न.

1852 मध्ये जॉर्ज स्टोक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की फ्लुओरेसंट, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः उजळणारे पदार्थ एका तरंगलांबीचा प्रकाश घेतात आणि त्याहून लांब तरंगलांबीचा परत देतात. या फरकावरच सगळं तंत्र उभं आहे. अडचण प्रमाणाची आहे. पदार्थातून परत येणारा प्रकाश त्याच्यावर टाकलेल्या प्रकाशाच्या लाखपट, कधी दहा लाखपट क्षीण असतो. आपल्या नाशिक रोडला छापलेली नोट बँकेतल्या अतिनील दिव्याखाली धरली तर आकड्यांचे पट्टे आणि कागदातले तंतू नुसत्या डोळ्यांनी चमकताना दिसतात, कारण तिथे शाई भरपूर असते आणि दिव्याचा प्रकाश सरळ डोळ्यात येत नाही. मायक्रोस्कोपमध्ये दिव्याचा प्रकाश ज्या ऑब्जेक्टिव्हमधून, म्हणजे स्लाइडजवळच्या लेन्समधून, खाली जातो त्याच ऑब्जेक्टिव्हमधून तो क्षीण प्रकाश वर येतो. 1967 च्या सुमारास योहान सेबास्टियान प्लोम या डच शास्त्रज्ञानं वरून प्रकाश टाकण्याची ही पद्धत डायक्रोइक आरसे वापरून रोजच्या कामाची केली. आज जगातल्या बहुतेक फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपांत तीच रचना आहे: एक छोटा चौकोनी क्यूब आणि त्यात तीन काचा. पहिली, एक्सायटेशन फिल्टर, दिव्यातून हवा तेवढाच पट्टा पुढे सोडते. दुसरी 45 अंशांत तिरपी बसवलेली डायक्रोइक. ती लहान तरंगलांबी खाली परतवते आणि लांब तरंगलांबी वर जाऊ देते. तिसरी एमिशन फिल्टर. ती चुकार उरलेला दिव्याचा प्रकाश अडवते.

फ्लुओरेसीन या हिरवं उजळणाऱ्या रंगद्रव्यासाठीचा एक नेहमीचा संच घ्या. एक्सायटेशन 480 नॅनोमीटरभोवती 40 नॅनोमीटर रुंद, डायक्रोइक 505 ला, एमिशन 535 भोवती 50. म्हणजे पहिला पट्टा 500 ला संपतो आणि दुसरा 510 ला सुरू होतो. मधली भिंत दहा नॅनोमीटरची. त्या एवढ्याशा अंतरात प्रकाश पूर्ण सोडण्यापासून दहा लाखात एक भाग इतका अडवण्यापर्यंतचं काम व्हायला हवं. ही भिंत पाच नॅनोमीटर सरकली किंवा थोडी झिजली तर मायक्रोस्कोप बंद पडत नाही, चित्रही दिसतं. फक्त काळं होतं ते करडं होतं.

हे थर बनतात कसे ते कळलं की ते का बिघडतात हेही कळतं. पावसात रस्त्यावर डिझेल सांडलं की ओल्या डांबरावर जे रंग उमटतात, तेच इथे मोजूनमापून घडवलेलं असतं. पातळ थराच्या वरून आणि खालून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि थराच्या जाडीनुसार एखादा रंग वाढतो, एखादा मरतो. फिल्टरमध्ये कमी आणि जास्त अपवर्तनांकाचे थर आलटूनपालटून चढवतात, प्रत्येकाची जाडी त्या थराच्या आतल्या तरंगलांबीच्या (ती हवेतल्यापेक्षा आखूड असते) साधारण चतुर्थांश. 520 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी सिलिकाचा थर सुमारे 90 नॅनोमीटर जाड हवा. असे कितीतरी डझन, चांगल्या फिल्टरमध्ये शंभराच्याही वर थर असतात. नुसती रंगीत काच रंग शोषून घेते. इथे मात्र सगळा खेळ जाडीचा आणि अपवर्तनांकाचा. दोन्हींपैकी काहीही बदललं की रंग बदलला.

जुन्या पद्धतीच्या फिल्टरमध्ये हे थर झिंक सल्फाइड आणि क्रायोलाइटचे असत. निर्वातात पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसू द्यायची. अशा थरात सूक्ष्म पोकळ्या राहतात. थर मऊ असतो, बोट लागलं तरी खरवडतो, आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. पोकळ्यांत हवा असते तिथे पाणी शिरलं की अपवर्तनांक 1 वरून 1.33 होतो आणि सगळा पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकतो. म्हणून हे थर उघडे ठेवतच नाहीत. दोन काचांमध्ये ऑप्टिकल गोंदानं चिकटवतात, सोबत अडवण्यासाठी एखादी रंगीत काच घालतात आणि कड बंद करून धातूच्या रिंगेत बसवतात. बाहेरून एक काच दिसते, आत तीन-चार काचा आणि त्यांच्यामध्ये गोंद. माझ्या मते असा फिल्टर किती टिकेल हे त्या गोंदावर ठरतं. थरांचा नंबर नंतर लागतो.

नाशिकच्या हवेत गोंदाला सुख नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठाक असते. जूनमध्ये त्र्यंबकच्या बाजूनं ढग उतरायला लागले की पुढचे चार महिने कपाटातल्या वह्यासुद्धा ओल धरतात. हिवाळ्यात निफाडचं तापमान एक आकड्यावर येतं. काच, गोंद आणि रिंग तिन्ही या चढउतारात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आक्रसतात. कडेला केसाएवढी फट पडते आणि ओलावा तिथून आत येतो. जुना फिल्टर रिंगेतून काढून पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. खराबी नेहमी कडेपासून सुरू झालेली दिसते: रिंगेलगत फिकट, दातेरी झालर, तिच्यात रंगीत वलयं, आणि झालरीच्या आतल्या बाजूला अजून शाबूत असलेला चकचकीत गोल. झालर जोवर प्रकाशाच्या वाटेच्या बाहेर आहे तोवर काम चालतं. कधी ना कधी ती वाटेत येतेच.

ओलावा कडेनं येतो, प्रकाश मध्यावर मारतो. पाऱ्याचा दिवा 365, 405, 436, 546 नॅनोमीटर अशा ठरावीक रेषांवर अतिशय तीव्र प्रकाश देतो आणि त्यासोबत भरपूर उष्णता. त्याला सगळ्यात आधी सामोरा जातो तो एक्सायटेशन फिल्टर, आणि अतिनील क्यूबमध्ये तर 365 ची रेषा त्या गोंदातून आरपार जाते. गोंद पिवळा पडतो, मग तपकिरी, मग त्याला भेगा जातात. रंगीत काचाही सुटत नाहीत. अतिनील सोडणाऱ्या यूजी मालिकेतल्या काही काचा दीर्घकाळ अतिनील प्रकाशात राहिल्या की स्वतःच कमी पारदर्शक होत जातात. बीजी 39 सारखी निळसर काच दमट हवेत पृष्ठभागावर धुरकट होते. ही धूसर साय पुसून जात नाही, कारण ती काचेवर बसलेली धूळ नसते. काचच बदललेली असते.

आमच्याच मायक्रोस्कोपवर हे घडलं तेव्हा कुणी कशाकशावर संशय घेतला तो क्रम सांगण्यासारखा आहे. एक विद्यार्थिनी डाऊनीवर काम करत होती. धागे दिसत होते, पण मागची जमीन मळकट दिसायची आणि बारीक धागे तिच्यात हरवायचे. आधी वाटलं, पान नीट उकळलं गेलं नाही, हरितद्रव्य राहिलंय. मग स्टेन ताजा केला. मग बफरचा पीएच तपासला. मग दिवा बदलला आणि त्याचा आर्क, म्हणजे दिव्याच्या आतली ज्योत, पुन्हा मध्यावर आणून घेतला. तेवढ्यानं उजेड वाढला आणि मळही वाढला. त्या मुलीनं तिच्या परीनं सगळं चोख केलं होतं. पण एखादं यंत्र बघण्यासाठी वापरायचं म्हटलं की आपण त्याच्या पलीकडच्या वस्तूवर शंका घेतो, अलीकडच्या काचेवर नाही. मी तिला म्हटलं, आपण क्यूब काढून बघू.

लॅबमधले मामा छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि ब्लोअर घेऊन आले. रिंग फिरवून एक्सायटेशन फिल्टर बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. मध्यावर चहाच्या रंगाचा गोल डाग होता, आर्कच्या प्रतिमेएवढा, आणि त्यातून बारीक भेगा फुटलेल्या. मामांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"मॅडम, हा डाग एवढा नव्हता."

"मामा, तुम्हाला कसं आठवतं?"

"खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसतो ना मी पूजेआधी. हे डबे काढून हवा मारतो. मागच्या खेपेला अगदी फिकट होता. पिवळा म्हणावा तर पिवळा, नाही म्हणावा तर नाही."

म्हणजे वर्षातून एकदा का होईना, त्या काचेकडे बघणारा एक माणूस आमच्याकडे होता. कागदावर मात्र तिची काहीच नोंद नव्हती. मायक्रोस्कोपच्या दिव्याला तासांचा मीटर असतो. 100 वॉटचा पाऱ्याचा दिवा 200 तासांना बदला, असं पुस्तिकेत छापलेलं असतं आणि ते पाळलंही जातं. फिल्टरला मीटर नाही. तो विकणाऱ्यांपैकी एकानं तर मला ठामपणे सांगितलं होतं की फिल्टर कधी जात नाही, काच आहे ती. त्या वाक्याचा मला अजूनही राग येतो, कारण अशा वाक्यांवर विश्वास ठेवून लहान गावांतल्या कॉलेजांत वीस वर्षांचे फिल्टर बिनदिक्कत वापरात राहतात.

फिल्टर तपासणं कठीण नाही. रसायनशास्त्र विभागात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर असतोच. क्युवेटच्या, म्हणजे नमुना भरायच्या छोट्या काचपात्राच्या जागी फिल्टर किरणाला काटकोनात उभा करायचा आणि 300 ते 750 नॅनोमीटर आलेख काढायचा. पट्ट्याची कड कुठे आहे, माथा किती टक्क्यांवर आहे, हे पाच मिनिटांत समोर येतं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. डायक्रोइक क्यूबमध्ये 45 अंशांत असतो, तो सरळ उभा ठेवून मोजला तर त्याची कड लांब तरंगलांबीकडे सरकलेली दिसणारच. ती खराबी समजू नये. आणि साधं यंत्र हजारात एक भागापलीकडे नीट मोजू शकत नाही, त्याच्या आतच भरकटलेला प्रकाश असतो. त्यामुळे दहा लाखात एकचं अडवणं त्यावर तपासता येत नाही. त्यासाठी जुनी, सोपी युक्ती चांगली. अंधाऱ्या खोलीत एक्सायटेशन आणि एमिशन फिल्टर एकावर एक धरायचे आणि मागे पांढऱ्या एलईडीची टॉर्च लावायची. पाऱ्याचा दिवा या कामाला कधीही वापरायचा नाही, डोळे जातील. संच निरोगी असेल तर मिट्ट काळं दिसतं. कोटिंगला सूक्ष्म छिद्रं पडली असतील तर ती ठिपक्यांसारखी चमकतात, आणि कड गेली असेल तर रिंगेलगत उजेडाची चंद्रकोर दिसते.

याशिवाय मला सगळ्यात उपयोगी वाटते ती फ्लुओरेसंट प्लास्टिकची एक स्लाइड. दर सत्राच्या सुरुवातीला तीच स्लाइड, तेच ऑब्जेक्टिव्ह, कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि गेन ठरलेलं, असा एक फोटो काढायचा. त्यानंतर नुसती स्वच्छ, कोरी काच ठेवून दुसरा. पहिल्याचा उजेड घटत असेल तर दिवा किंवा फिल्टर मंद होतोय. दुसऱ्याचा उजेड वाढत असेल तर प्रकाश गळतोय, किंवा क्यूबमध्ये असं काही बसलंय जे स्वतःच उजळतंय. धूळ, कापसाचा तंतू, बोटाचं तेल हे सगळे अतिनीलात उजळतात. आकडे वहीत लिहायचे. मामांच्या आठवणीचं काम वहीनं केलं की ते निवृत्त झाल्यावरही चालू राहतं.

पुसण्याबद्दलही थोडं. मऊ थरांच्या चिकटवलेल्या फिल्टरवर अ‍ॅसिटोन कधीच नको, ते कडेच्या सीलमध्ये आणि गोंदात शिरतं. आधी ब्लोअर, त्यानं भागलं तर तिथेच थांबायचं. नाहीच भागलं तर लेन्स पेपरला किंचित अल्कोहोल लावून काचेवरून एकदा अलगद ओढायचा, घासायचा नाही. परत बसवताना कडेवरचा बाण बघायचा. बाणाचा अर्थ कंपनीगणिक वेगळा असतो, एकीचा दिव्याकडे तर दुसरीचा प्रकाशाच्या दिशेनं, म्हणून पुस्तिका उघडलेली बरी. एक्सायटेशन फिल्टर उलटा बसला तर चित्र तसंच दिसतं. पण नको असलेला प्रकाश परावर्तक थरावरून मागे फिरण्याआधी रंगीत काचेत शोषला जातो, काच तापते आणि गोंद लवकर मरतो. उलटा बसलेला फिल्टर काही काळ सुरळीत चालतो, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

पावसाळ्याची आपल्याकडची जुनी सोय म्हणजे मायक्रोस्कोपच्या लाकडी पेटीत कमी वॉटचा बल्ब. आतली हवा जराशी कोमट राहते आणि सापेक्ष आर्द्रता खाली येते. 70 टक्क्यांच्या वर ती रेंगाळली की लेन्सवर बुरशी धरते, आणि बुरशीचे धागे काच कोरतात, नुसते पुसून जात नाहीत. क्यूब मात्र पेटीत ठेवायचे नाहीत. ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवायचे. जेल निळं आहे तोवर ठीक, गुलाबी झालं की ओव्हनमध्ये भाजून पुन्हा निळं करायचं. कुणी ते गुलाबी झालेलं बघतच नाही, ही वेगळी गोष्ट. गुलाबी जेलचा डबा हा फक्त डबा असतो.

आता नव्या फिल्टरांकडे. 2000 च्या आसपासपासून फ्लुओरेसन्समध्ये कठीण थरांचे फिल्टर येऊ लागले. इथे पदार्थ तापवून त्याची वाफ करत नाहीत. आयनांचा झोत लक्ष्यावर आदळवून त्यातून अणू उडवतात. ते काचेवर इतक्या ऊर्जेनं येऊन बसतात की मध्ये पोकळी राहत नाही. पदार्थ सिलिका, टँटलम किंवा नायोबियमचं ऑक्साइड, अतिनीलासाठी हाफ्नियमचं. सगळे थर एकाच काचेवर, बहुधा फ्यूज्ड सिलिकावर. प्रकाशाच्या वाटेत गोंद नाही, शोषणारी रंगीत काच नाही. ओलाव्याला शिरायला जागा नाही आणि जळायला गोंद नाही. वर प्रकाश सोडण्याचं प्रमाणही जास्त. हे नुसतं नवं मॉडेल आहे असं मला वाटत नाही. दमट प्रदेशातल्या प्रयोगशाळांसाठी ही मोठी सुटका आहे, आणि ती आपल्यापर्यंत फार हळू पोहोचली.

तरीही विक्रेत्याच्या पत्रकावर 'टिकाऊपणाच्या लष्करी मानकाला उतरलेला' असं वाचलं की मी जरा थांबते. मिल-सी-48497 हे अमेरिकन मानक यात नेहमी येतं. त्यात थरावर चिकटपट्टी लावून ओढतात, जाळीदार सुती कापडानं घासतात आणि 49 अंश सेल्सिअसला 95 टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत 24 तास ठेवतात. चाचणी प्रामाणिक आहे. पण ती थर सुटतो का, ओरखडतो का हे सांगते. नाशिकचा चार महिन्यांचा पावसाळा, तोही दहा वर्षं, आणि त्यात रोज काही तास अतिनीलाचा मारा, हे चोवीस तासांत येत नाही. कठीण थराच्या फिल्टरवरही बोटाचा ठसा राहिला आणि त्यावर दिवा चालला तर तो ठसा भाजून पक्का बसतो. डायक्रोइक पातळ असतो, क्यूबचा स्क्रू जास्त आवळला तर तो किंचित वाकतो आणि प्रतिमा हलते. टिकणारी वस्तू निष्काळजी हातातही टिकेल असं नाही.

हे सगळं द्राक्षाच्या पानापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. हेच तीन काचांचं तंत्र क्षयरोगाच्या निदानात आहे. बेडक्याच्या स्लाइडला ऑरामिनचा स्टेन देऊन बघितलं की टीबीचे जंतू काळ्या जमिनीवर पिवळसर हिरवे दिसतात. झील-नील्सन या स्टेनच्या दुसऱ्या पद्धतीत हजारपट वर्धन आणि तेलाची लेन्स लागते, इथे 400 पटीवर भागतं. एका नजरेत मोठा भाग दिसतो आणि जंतू सापडण्याचं प्रमाण अभ्यासांत सरासरी दहा टक्क्यांनी जास्त आढळलं आहे. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडी वापरण्याची शिफारस केली आणि आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातही एलईडी मायक्रोस्कोप आले. फिल्टरसाठी ही चांगलीच बातमी होती. ऑरामिनला निळा प्रकाश पुरतो, त्यामुळे एलईडीत अतिनील नसतं, फिल्टरपर्यंत उष्णताही फारशी येत नाही, आणि हवा तेव्हा दिवा बंद करता येतो.

म्हणून काळजी संपली असं नव्हे. स्लाइडमध्ये जंतू खात्रीनं दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. ज्याच्या बेडक्यात याच उंबरठ्यावर जंतू आहेत, त्याच्या स्लाइडवर कितीतरी भाग बघितल्यावर एखादा हिरवा ठिपका सापडतो. तिथे जमीन काळी आहे की करडी, यावर तो ठिपका दिसणार की निसटणार हे ठरतं. जंतूंनी गच्च भरलेले नमुने खराब फिल्टरमधूनही दिसतात, म्हणून यंत्र ठीक आहे असंच वाटत राहतं. खराब फिल्टर सगळ्या रुग्णांना चुकवत नाही, फक्त कमी जंतू असलेल्यांना चुकवतो. म्हणून तपासणीला ठेवलेली ओळखीची स्लाइड ठळक पॉझिटिव्ह असू नये, अगदी मोजके जंतू असलेली असावी, असं मला फार वाटतं. रोज अशी एक स्लाइड बघणारा तंत्रज्ञ दहा वर्षं भरपूर जंतूंच्या स्लाइडवर यंत्र तपासणाऱ्यापेक्षा आधी सावध होईल.

कोविडच्या दोन वर्षांत घराघरात पोहोचलेली आरटी-पीसीआर चाचणीसुद्धा शेवटी फ्लुओरेसन्सच मोजते. त्या यंत्रातही फिल्टर असतात, फक्त झाकणाआड. तिथे तरी वेळोवेळी अंशांकन (कॅलिब्रेशन) करायची सक्ती असते. मायक्रोस्कोपवर बघणारा डोळा आपला असल्यामुळे आपण त्यालाच अंशांकन समजतो.

आता खरेदीचं. टेंडरमध्ये 'फ्लुओरेसन्स अ‍ॅटॅचमेंट, तीन फिल्टरसह' एवढंच लिहिलं की सर्वात कमी दराचे मऊ थरांचे फिल्टर येतात आणि त्याला कुणाला हरकत घेता येत नाही. म्हणून निदान एवढं लिहावं: थर कठीण असावेत, एकाच काचेवर, गोंदाशिवाय, प्रत्येक फिल्टरचा, म्हणजे त्याच्या अनुक्रमांकाचा, मोजलेला आलेख सोबत द्यावा, अडवण्याची क्षमता कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्या तरंगलांबीपर्यंत आहे हे लिहून द्यावं. पैसे कमी असतील तर तीन साध्या क्यूबपेक्षा रोज लागणारा एक चांगला क्यूब घ्यावा. आमच्याकडे अतिनील क्यूब सगळ्यात जास्त चालतो आणि सगळ्यात जास्त भाजतो, म्हणून पहिला तोच बदलला. हिरवा अजून जुनाच आहे, त्याचा आलेख दर जूनमध्ये, पाऊस धरण्याआधी, काढतो.

आणि बदललेला जुना फिल्टर टाकून देऊ नये. चहाच्या रंगाचा डाग पडलेला तो फिल्टर आम्ही काढलेल्या आलेखासकट डब्यात ठेवला आहे. नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात तो आणि नवा फिल्टर शेजारी शेजारी धरून दाखवते. आधी कागदावर तिरपे धरून, मग टॉर्चसमोर, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर. आपल्या क्यूबमधला फिल्टर त्या दोघांच्या मध्ये नेमका कुठे आहे, हे मग ती मुलं स्वतःच विचारायला लागतात.